ओटीपी सांगितला नाही, तरीही पैसे जातात

परवा आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'वाहन चलान' नावाची फाइल आली. तिने ती उघडली, जे विचारलं त्याला 'अलाउ' केलं आणि संध्याकाळी बोलता बोलता मला सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला. ती मात्र निवांत! "अरे, मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही, मग भीती कसली?"

हे तिला शिकवलं सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या 'बँकेच्या निवृत्त अधिकाऱ्याचा सल्ला' या मेसेजने. त्यात चार दावे आहेत.

पहिला: ओटीपी सांगितला नाही तर एक रुपयाही जात नाही. ओटीपी सांगू नये हे खरं, तेवढं मान्य. पण चोराला तो तुमच्या तोंडून ऐकायची गरज कुठे आहे? आत्याने उघडलेली फाइल एपीके होती, म्हणजे अख्खं अ‍ॅप. त्याला एसएमएस वाचायची परवानगी दिली की आलेला ओटीपी परस्पर चोराकडे जातो. चलान खरंच आहे का, हे परिवहन खात्याच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं.

ओटीपी मिळवायची दुसरी वाट कॉल फॉरवर्डिंगची, म्हणजे तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवायची. कुरिअरवाला असल्याचं सांगून *४०१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला लावायचा, की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, फोनवरून येणारा ओटीपीसुद्धा. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असा नंबर डायल करून कॉल वळवायची सोय बंद करायचा आदेश कंपन्यांना दिला, तो याच फसवणुकीमुळे. परदेशी साइटवर तर कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही एवढ्यावरही व्यवहार होऊ शकतो. आधारने पैसे काढताना ओटीपी नाही, बोटाचा ठसा लागतो, आणि खरेदीखतावरचे ठसे उचलून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेलेत. म्हणून कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद ठेवा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करा.

दुसरा दावा वाचून मात्र माझं डोकं फिरलं: 'पैसे गेले तर चूक तुमचीच, बँक काही देत नाही, तक्रारीत वेळ घालवू नका.' हे वाचून किती जण लाजेने गप्प बसले असतील! रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम याच्या नेमका उलट आहे. चूक ना तुमची ना बँकेची, आणि व्यवहार कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं कामही बँकेचंच. अगदी तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असलात, तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणजे इथे एकेक मिनिट मोलाचं आहे, आणि हा मेसेज सांगतो वेळ घालवू नका! आधी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रडायचं, चिडायचं ते नंतर.

उरलेले दोन जुनेच. एटीएमवर 'कॅन्सल' दोनदा दाबल्याने पिन चोरीला जायचा थांबत नाही, हाताने कीपॅड झाका. आणि पिन उलटा टाकला की पोलीस येतात, अशी सोय आपल्याकडे नाही. १२२१ पिनवाल्याने तो उलटा कसा टाकायचा?

आत्याचा फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाकला, माझ्या फोनवरून बँकेला कळवून तिचं कार्ड आणि नेटबँकिंग बंद केलं, मग फोन रीसेट केला. पैसे शाबूत आहेत. ग्रुपवर तो मेसेज टाकणाऱ्या काकूंना आज संध्याकाळी फोन करतोय.