‘नुसतं पॅकिंग खरवडण्यात दिवस घालवला’ या अभिप्रायाला गॅरेजचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की पिकअपचं हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधला गळती रोखणारा पातळ थर) बदलायला तीन दिवस लावले, त्यातला एक दिवस पोऱ्या नुसता पट्टीने खरवडत बसलेला, आणि दुसरीकडे ग्राइंडर मारून हेच वीस मिनिटांत होतं. वर लेथचे पैसे वेगळे. केळीची कटाई चालू असताना गाडी उभी राहिली की काय हाल होतात, हे रावेर-सावद्यात धंदा करणाऱ्याला सांगायला नको. पण भाऊ, ग्राइंडर आमच्याकडेही आहे. तुमच्या हेडला तो मुद्दामच लावला नाही.

तुमच्या गाडीचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. जुनं पॅकिंग इंजिन तापून भाजलेलं, त्यात मागच्या वेळी कोणीतरी त्यावर चिकट सोल्यूशन भरपूर थापलेलं. दोन्ही मिळून पार खापर झालं होतं. लोखंडी पटाशी मारली तर ते निघतं, पण सोबत हेडलाही चरा पडतो. असा चरा पाण्याच्या भोकापासून सिलिंडरच्या कडेपर्यंत गेला, की नवं पॅकिंग कितीही भारी आणा, गॅस तिथूनच वाट काढतो. तुमच्या हेडवर असा जुना चरा होताच. त्याचा फोटो हेड उघडलं त्याच संध्याकाळी तुम्हाला पाठवलाय. भुसावळला लेथवर फेसिंगला, म्हणजे हेडचा तळ सपाट करून घ्यायला, पाठवलं ते त्यासाठीच, आणि त्यांची पावती बिलाला जोडलेली आहे.

आता ग्राइंडरचं. खरखरीत चकती फिरली की तिची पूड उडते. ती बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची असते, पॉलिश पेपरवरही बहुतेक तेच असतं. ती सिलिंडरमध्ये आणि ऑइलच्या रस्त्यांत जाऊन बसते. गाडी चालू झाली की ऑइलबरोबर क्रँकच्या शेलपर्यंत, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगपर्यंत, पोचते, मऊ शेलमध्ये रुतते आणि क्रँकला घासत राहते. त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे कधीतरी ऑइल प्रेशर उतरतं, खालून ठोका येतो, आणि तेव्हा त्या वीस मिनिटांची आठवण कोणालाच येत नाही. शिवाय हातातली चकती सगळीकडे सारखी दबत नाही, एखाद्या जागी खड्डा पडतोच.

म्हणून आम्ही गॅस्केट रिमूव्हर (जुनं पॅकिंग सैल करणारं औषध) मारून मुरू दिला, प्लास्टिकच्या आणि पितळी पट्टीने काढलं, राहिलं तिथे परत मारला. बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी हवा मारून काढलं. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण तेल दाबलं जात नसतं. भोकात ते राहिलं तर टॉर्क रेंच (बोल्ट किती आवळला ते दाखवणारा पाना) ‘झालं’ म्हणतो आणि हेड मात्र नीट आवळलेलं नसतं. कधी ब्लॉकलाच तडा जातो. हेड लेथवरून आल्यावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासलं. अशा हेडला ०.०५ मिलिमीटरच्या वर वाक असला तर आम्ही ते बसवत नाही.

आणि ज्याला तुम्ही पोऱ्या म्हणालात, तो आयटीआय झालेला मेकॅनिक आहे. कंटाळवाणं काम नीट करणारा माणूस मिळणं किती अवघड, ते गॅरेज चालवणाऱ्याला विचारा.

घाई होती तर दुसऱ्या गाडीची सोय बघता आली असती, तसं मी फोनवर म्हणालोही होतो. मजुरीबद्दल शंका असेल तर बिल घेऊन या, ओळ न ओळ समजावून सांगतो. पण खरवडण्याचा वेळ कमी करणार नाही.

एक काम तुमच्याकडचं राहिलंय. हेड तापलं ते रेडिएटर क्षाराने चोंदल्यामुळे. तो साफ करून दिलाय, पण पुन्हा बोअरचं पाणी भरू नका. कूलंटच टाका, आणि इंजिन गार असतानाच झाकण उघडून पातळी बघा. पातळी उतरत असेल तर गाडी बुऱ्हाणपूरला न नेता आधी इकडे आणा.