‘हुकूमशहाशी बोलू नका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘लोकशाही देशाने शेजारच्या हुकूमशाहीशी एक शब्दही बोलू नये’ असा पाच मुद्द्यांचा संदेश सगळीकडे फिरतो आहे. आता तो घरच्या ग्रुपवरही आला, आणि खाली वडीलधाऱ्यांची ‘अगदी बरोबर!’ अशी पावतीही पडली. तेव्हा एकदाचं उत्तर देऊन टाकू.

मुद्दा १: ‘बोलणी केली की राजवटीला मान्यता मिळते.’ नाही मिळत. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ७४ वाचा. दोन देशांत राजनैतिक संबंध नसले किंवा तुटलेले असले तरी त्यांना आपसात करार करता येतो, आणि नुसत्या करारामुळे त्या संबंधांची स्थिती बदलत नाही. जर्मनीचे दोन देश झाले होते, तेव्हा लोकशाही पश्चिम जर्मनीने हे करून दाखवलं. २१ डिसेंबर १९७२ ला कम्युनिस्ट हुकूमशाहीतल्या पूर्व जर्मनीशी करार केला, पण दूतावास उघडला नाही. १९७४ मध्ये बॉन आणि पूर्व बर्लिन या दोन राजधान्यांमध्ये ‘स्थायी प्रतिनिधित्व’ नावाची कार्यालयं सुरू झाली. पश्चिम जर्मनीतल्याच बव्हेरिया राज्याचं सरकार कराराविरुद्ध घटनात्मक न्यायालयात गेलं होतं. न्यायालयाने ३१ जुलै १९७३ ला निकाल दिला: करार घटनेत बसतो, पण त्यामुळे पूर्व जर्मनी परका देश ठरत नाही आणि एकीकरणाचं उद्दिष्ट सोडता येणार नाही.

मुद्दा २: ‘संपर्क तोडा, राजवट आपोआप गुदमरेल.’ हा प्रयोगही त्याच देशाने आधी करून पाहिला होता. १९५५ पासून पश्चिम जर्मनीचं धोरण असं की, सोव्हिएत संघ सोडून जो देश पूर्व जर्मनीला मान्यता देईल त्याच्याशी संबंध तोडायचे. १९५७ मध्ये युगोस्लाव्हियाशी तोडले, १९६३ मध्ये क्यूबाशी. याच काळात, १३ ऑगस्ट १९६१ ला, बर्लिनची भिंत घालायला सुरुवात झाली. बोलण्यांमुळे ती भिंत पडली असं मी म्हणणार नाही, त्याला इतर बरीच कारणं होती. पण अबोल्याने ती थांबली नाही, एवढं तरी मान्य करा.

मुद्दा ३: ‘हॉटलाइन म्हणजे कमजोरी, तीसुद्धा कापा.’ बाकीचे मुद्दे वादाचे आहेत, पण हा जिवावर बेतणारा आहे. हॉटलाइनवर दोन नेते गप्पा मारत बसतात अशी लिहिणाऱ्याची कल्पना दिसते. प्रत्यक्षात दोन्हीकडे ड्यूटीवरचे अधिकारी असतात. दोन कोरियांच्या संपर्क लाइनवर सकाळी ९ आणि संध्याकाळी ५ असे ठरलेले कॉल होते. बहुतेक दिवशी बोलण्यासारखं काहीच नसायचं. लाइन चालू आहे आणि पलीकडे माणूस आहे, एवढंच तपासायचं. ही रोजची तपासणी बंद पडली, तर गरजेच्या दिवशी फोन लागत नाही.

गरजेचा दिवस म्हणजे कसला? ६ सप्टेंबर २००९ ला उत्तर कोरियाने इमजिन नदीवरच्या ह्वांगगांग धरणातून पूर्वसूचना न देता पाणी सोडलं. दक्षिणेत नदीकाठी तळ टाकून राहिलेल्यांपैकी ६ माणसं वाहून गेली. यात ना युद्ध होतं ना विचारसरणी, वरच्या धरणाने खालच्या गावांना कळवायचं होतं, एवढंच. ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंचे अधिकारी उत्तर कोरियातल्या केसाँगला बोलणीला बसले, उत्तरेने खेद व्यक्त केला आणि पुढे आधी कळवण्याचं कबूल केलं. ते त्यांनी नेहमी पाळलं का? नाही. पण शब्द दिलेला असला की निदान जाब विचारता येतो. एप्रिल २०२३ पासून उत्तर कोरियाने त्या लाइनवर उत्तर देणं थांबवलं. त्यानंतर ‘पाणी सोडण्याआधी कळवा’ हे दक्षिणेला पत्रकार परिषदेतून सांगावं लागलं. आणि हो, २००९ मध्ये दक्षिणेची स्वतःची धोक्याची स्वयंचलित यंत्रणाही वाजली नव्हती. म्हणजे फोनवर विसंबून आपले भोंगे गंजू द्यायचे नाहीत. पण भोंगा आहे म्हणून फोन कापा, हा कुठला शहाणपणा?

मुद्दा ४: ‘हुकूमशहा करार पाळतच नाहीत.’ मोठे, मोघम करार मोडतात, खरं आहे. छोटे, तारीख ठरलेले आणि ‘तू दे, मी देतो’ पद्धतीचे करार टिकतात. भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ ला केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. मुशर्रफ यांनी १९९९ मध्ये सत्ता बळकावली, तरी हे थांबलं नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौजा समोरासमोर होत्या, तेव्हा १ जानेवारी २००२ लाही याद्या दिल्या गेल्या. एकाने यादी दिली नाही तर दुसऱ्याला त्याच दिवशी कळतं, म्हणून तो करार चालतो. विश्वासाचा त्यात संबंध नाही.

संदेशात मध्येच म्युनिक १९३८ चा, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सने हिटलरशी बोलून चेकोस्लोव्हाकियाचा भाग त्याला देऊन टाकला त्या बैठकीचा, फोटो चिकटवला आहे. तिथली चूक ‘बोलले’ ही नव्हती. ज्या चेकोस्लोव्हाकियाची जमीन द्यायची, त्यालाच टेबलावर बसू दिलं नाही, ही होती.

मुद्दा ५: ‘बोलण्यांच्या नावाखाली पैसा जातो.’ इथे मात्र नाइलाजाने अर्धं मान्य करावं लागतं. जून २००० च्या कोरियन शिखर परिषदेआधी उत्तरेला गुपचूप पैसा गेला. २००३ च्या विशेष चौकशीत त्यातले १० कोटी डॉलर दक्षिणेच्या सरकारच्या वतीने दिल्याचं निघालं. असा व्यवहार उघड झाला की पुढच्या प्रामाणिक बोलण्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. पश्चिम जर्मनीने १९६३ ते १९८९ मध्ये ३३ हजारांहून जास्त राजकीय कैदी अक्षरशः विकत घेतले. बहुतेक मोबदला रोख न देता चर्चच्या सेवासंस्थेमार्फत मालाच्या रूपात दिला, तरी त्यातला बराच माल पूर्व जर्मनीने पुढे विकून परकीय चलन कमावलंच. माणसाचा भावही चढत गेला: सुरुवातीला सुमारे ४० हजार मार्क, १९७७ पासून ९५ हजारांच्या वर. तेव्हा किती द्यायचं, कशाच्या बदल्यात आणि आधी कोणी द्यायचं, यावर जरूर भांडा. संदेशात त्याबद्दल एक ओळ नाही.

पैशाने काय मिळतं आणि काय नाही, तेही पाहा. १९८३ मध्ये पश्चिम जर्मन बँकांनी पूर्व जर्मनीला १ अब्ज मार्कांचं कर्ज दिलं, पुढच्या वर्षी आणखी ९५ कोटींचं. १९८४ संपेपर्यंत दोन जर्मनींच्या सीमेवरच्या कुंपणातली, स्पर्श होताच आपोआप गोळीबार करणारी यंत्रं काढली गेली. पहारेकऱ्यांच्या बंदुका तशाच राहिल्या. फेब्रुवारी १९८९ मध्येही बर्लिनच्या भिंतीवर पळून जाणारा २० वर्षांचा तरुण गोळी लागून मेला.