पाप म्हणा, पण कॅन्सर म्हणू नका

चवथ जवळ आली की आमच्या वाड्यावरचा फुगडीचा ग्रुप जागा होतो. यंदा गाण्यांच्या आधी एक लांबलचक मेसेज येऊन पडला: ‘एक गर्भपात, आयुष्यभराचा शाप’. गर्भपात केलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर होतो, तिला पुन्हा मूल होत नाही, ती मनाने खचते ती कायमचीच, नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात केला तर गुन्हा होतो आणि भ्रूणहत्या महापाप असल्यामुळे कायद्याने ती बंदच करावी, असे त्यात होते. खाली ‘प्रत्येक मुलीपर्यंत पोचवा’. मी गोव्यात, फोंड्याला फार्मसी चालवते. असल्या मेसेजांनी घाबरलेल्या बायका माझ्याच काउंटरवर येतात, म्हणून हे लिहिते आहे.

कॅन्सरची भीती सगळ्यांत जुनी, आणि ती अगदीच हवेतून आलेली नाही. सुरुवातीच्या काही अभ्यासांत कॅन्सर झालेल्या आणि न झालेल्या बायकांना एकच प्रश्न विचारला गेला, पूर्वी गर्भपात केला होता का? आजारी बाई कारण शोधत असते, ती सगळे आठवून सांगते. धडधाकट बाई परक्या माणसापुढे असली गोष्ट कशाला काढील? आपल्याकडे तर सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. त्यामुळे आकडा एकीकडे झुकला. पुढे डेन्मार्कमध्ये कोणाच्या आठवणीवर न विसंबता सरकारी नोंदवह्या जुळवल्या. सुमारे 15 लाख बायकांची ती पाहणी 1997 साली प्रसिद्ध झाली, आणि गर्भपातामुळे एकूण धोका वाढलेला दिसला नाही. 2004 मध्ये 16 देशांतले 53 अभ्यास, म्हणजे कॅन्सर झालेल्या सुमारे 83 हजार बायकांची माहिती, एकत्र तपासली गेली. निष्कर्ष तोच.

खरे एवढेच की कमी वयात पहिले मूल झाले तर पुढच्या आयुष्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी होतो. तो फायदा न मिळणे वेगळे आणि कॅन्सर ‘होणे’ वेगळे. इटलीतल्या एका वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे की हा रोग मठातल्या ख्रिस्ती जोगिणींत, म्हणजे मूल न झालेल्या बायकांत, जास्त दिसतो. त्यांनी काय गर्भपात केले होते?

‘पुन्हा मूल होत नाही’ यात मात्र थोडे तथ्य आहे, आणि ते लपवू नये. जुन्या पद्धतीचे क्युरेटिंग, म्हणजे बायका ज्याला ‘पिशवी साफ केली’ म्हणतात ते, धारदार हत्याराने वारंवार झाले तर पिशवीचे अस्तर खरवडले जाऊन आतल्या भिंती एकमेकींना चिकटण्याची भीती असते. जंतुसंसर्ग होऊन उपचार झाले नाहीत तर बीजनळ्या बंद पडू शकतात. शस्त्रक्रियेने पुन्हा पुन्हा गर्भपात झाल्यास पुढचे बाळंतपण दिवस भरण्याआधी होण्याचा धोका किंचित वाढतो, असेही काही अभ्यासांत दिसते. पण जागतिक आरोग्य संघटना क्युरेटिंग सोडून द्या असेच सांगते. त्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून पिशवी रिकामी करतात, किंवा गोळ्या देतात. नीट झालेल्या अशा गर्भपाताने वांझपण येत नाही. उलट, कित्येकींना पुढच्या पाळीच्या आधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

खरा धोका कुठे आहे ते काउंटरवर दिसते. दिवेलागणीला कोणाचा तरी नवरा नाहीतर भाऊ येतो आणि हळूच म्हणतो, “ती पाच गोळ्यांची पट्टी द्या.” चिठ्ठी नसते. किती आठवडे झाले, ठाऊक नसते. या गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, नऊ आठवड्यांच्या आतच द्यायच्या असतात. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर गोळ्यांचा उपयोग होत नाही, नळी फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होऊन बाई जीवाला मुकू शकते. तासाला दोन पॅड भिजताहेत आणि असे दोन तास चालले आहे, म्हणजे ‘अंगावरून थोडे जास्त जातेय’ म्हणून घरी बसायचे नाही, थेट इस्पितळ गाठायचे. आता सांगा, ‘शाप’ वाचून घाबरलेली मुलगी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाऊन रांगेत उभी राहील, की कोणाला तरी पट्टी आणायला पाठवील?

मनाचे म्हणाल तर दुःख होते, काहींना फार होते. पण अमेरिकेत सुमारे हजार बायकांना पाच वर्षे विचारत राहिले. ज्यांना गर्भपात नाकारला गेला, त्याच सुरुवातीला जास्त अस्वस्थ होत्या. ज्यांचा झाला, त्यांतल्या बहुतेकींना पाच वर्षांनीही निर्णय बरोबरच वाटत होता.

राहिले पाप. यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. माझी सासू एकादशी करायची, शेजारची बाय चर्चमधली रविवारची मिस चुकवत नाही, आणि गर्भाच्या जीवाविषयी दोघींचे एकच मत. ते मत खोटे आहे असे सिद्ध करणारा रक्ताचा रिपोर्ट माझ्याकडे नाही. पण पाप आहे असे वाटत असेल तर पाप म्हणा, त्याला कॅन्सरचा मुखवटा कशाला? आणि आपली श्रद्धा कायदा होऊन दुसरीच्या खाटेपाशी उभी राहिली की काय होते, ते चोर्ला घाटापलीकडच्या बेळगावाला ठाऊक आहे. तिथली सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती. 17 आठवड्यांना गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले होते, तिने गर्भपात मागितला, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून नाकारला गेला. 28 ऑक्टोबर 2012 रोजी ती जंतुदोषाने गेली. गर्भही वाचला नाही. 2018 मध्ये त्या देशाने मतदान करून कायदा बदलला. मुलीचा गर्भ शोधून पाडणे हा निराळा गुन्हा आहे, त्याला 1994 चा निराळा कायदा आहे. दोन्हींची खिचडी करू नये.

आता सही. आपला गर्भपाताचा कायदा 1971 चा. त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासूची, कोणाचीच सही लागत नाही. काही खासगी ठिकाणी तरीही मागतात, तो त्यांचा रिवाज. अठराच्या आतली मुलगी असेल तर पालकाची लागते. कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरे. बलात्कारित, अल्पवयीन अशा काहींना 2021 च्या दुरुस्तीने 24 पर्यंत मुभा आहे, दोन डॉक्टरांच्या मताने. या मुभेतून अविवाहितेला वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी स्पष्ट केले. गर्भपात केलेल्या बाईचे नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आठवडे मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि असले मेसेज वाचून घाबरण्यात गेलेले दिवसही त्यातच धरले जातात.