‘आमची टीम’च्या फोटोत अर्धी टीमच नाही

आज सकाळी बॅचच्या ग्रुपवर आमच्या उत्खननाच्या समारोपाचा फोटो आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. विद्यार्थी, सर, पाहुणे, सगळ्यांच्या हातात सर्टिफिकेटं, खाली ओळ ‘आमची टीम’. घमेली वाहणाऱ्या मावश्या नाहीत, कुदळ मारणारे दादा नाहीत. अरे, फोटो काढत होते तेव्हा ती माणसं समोरच ट्रेंच, म्हणजे आम्ही खणलेला चर, बुजवत होती! एक हाक मारायला काय जात होतं?

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की उद्या कोणतरी सोन्याचा हंडा शोधायला तिथे पोचेल. पण आपल्या गोव्याच्या लाल मातीत खणणं काय असतं ते सांगते. थर बदलतो पण रंग जेमतेम बदलतो. सकाळच्या तिरक्या उन्हात मातीवर पाण्याचा फवारा मारायचा, मग कुठे एखादी रेष दिसते, आणि ऊन डोक्यावर आलं की सगळं एकसारखं लाल.

अशाच भर दुपारी आमच्या ट्रेंचमधल्या मावशी हातातली कुदळ थांबवून म्हणाल्या, "राव गो बाय, हांगा माती वेगळी आसा." (थांब गं, इथे माती वेगळी आहे.) मला काहीसुद्धा दिसत नव्हतं. त्यांनी माझा अंगठा धरून तिथे दाबला, आजूबाजूची माती टणक आणि तेवढीच जागा भुसभुशीत. फवारा मारला तर वीतभर रुंदीचा गोल काळपट डाग वर आला. खांबाचा खड्डा! लाकडी खांब केव्हाचा कुजून गेला, पण त्याच्या जागी भरलेली माती तशीच राहिली. मग नेहमीच्या पद्धतीने आधी अर्धाच खणला, उभ्या कापाचं ड्रॉइंग केलं, फोटो घेतले, मग उरलेला अर्धा. त्याच ओळीत पुढे अजून खड्डे मिळाले, म्हणजे तिथे कुणाचं तरी छप्पर उभं होतं. मावशींनी अजून दोन घाव घातले असते तर तो डाग घमेल्यातून थेट मातीच्या ढिगावर गेला असता आणि आम्हाला कधी कळलंही नसतं. समारोपाच्या प्रेझेंटेशनमध्ये त्या स्लाइडवर नावं कुणाची? आम्हा विद्यार्थ्यांची, माझंसुद्धा. मावशींचं नाही.

आणि हे काय आजचंच आहे का, दक्षिण गोव्यातल्या चांदरला 1929 मध्ये इतिहासकार फादर हेरास यांनी उत्खनन केलं हे आपण परीक्षेत लिहितो, भोज राजांची राजधानी चंद्रपूर म्हणजे हेच चांदर, जुन्या देवळाचा पाया, तो शीर नसलेला नंदी, सगळं पाठ. पण त्या उन्हात कुदळ कुणी मारली? त्यातल्या एकाचंही नाव मी कुठे वाचलेलं नाही. कुशावती नदीच्या काठची उसगाळीमळची कातळावरची खोदचित्रं 1993 मध्ये अभ्यासकांपर्यंत पोचली ती गावातल्या लोकांनी दाखवली म्हणून. आपल्या इतिहासाची अर्धी दारं गावकऱ्यांनीच उघडून दिलीत आणि फोटोच्या वेळी तेच बाहेर.

एकाने लगेच मेसेज केला, "त्यांना रोजचे पैसे मिळत होते ना?" मिळत होते की! सरांना पगार मिळत नाही का? आम्हाला क्रेडिट्स मिळत नाहीत का? पैसे मिळाले म्हणून माणूस टीममधून बाद होतो हा कुठला न्याय?

बरं, मान्य, पाहुण्यांना निघायची घाई होती आणि मुद्दाम कुणी केलं नसेल. पण मुद्दाम केलं नाही म्हणून मावशी फोटोत येत नाहीत.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. शेवटच्या दिवशी आम्ही तळाला प्लास्टिक अंथरलं, म्हणजे पुढे कधी कुणी पुन्हा खणलं तर आपण कुठवर गेलो होतो ते त्याला कळेल, आणि वरून माती लोटायला सुरुवात केली. इतके दिवस ब्रशने झाडून लख्ख ठेवलेला ट्रेंच आपणच बुजवायचा म्हणजे पोटात खड्डा पडतो, बॅचमधल्या दोघी तर रडायलाच लागल्या. मावशी मात्र प्लास्टिकच्या कडांवर दगड ठेवत फिरत होत्या, कुणी सांगितलं नव्हतं. रोज अकराच्या सुट्टीत पेज आणि मिसकूट, म्हणजे कैरीचं लोणचं, आमच्यापुढे सरकवायच्या, तशाच निघताना मिसकुटाची बाटली हातात दिली आणि विचारलं, ते खांबांचं घर कुणाचं ते कळलं की मला सांगशील ना? एवढ्या दिवसांत हा प्रश्न इतक्या आपुलकीने आमच्यातल्या कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तर सरांना मी आजच मेल केलाय की रिपोर्टमध्ये कामगारांची नावं ट्रेंचनुसार यायला हवीत, त्या खड्ड्यांच्या नोंदीत तर मावशींचं पहिलं. तशी पद्धत नसते असं उत्तर येईलही. मग पद्धत आपण सुरू करू.

आणि बॅचवाल्यांनो, काम चालू असतानाचे ज्यांच्याकडे फोटो आहेत, ज्यात मावश्या आणि दादा नीट दिसतायत, ते मला रात्रीपर्यंत पाठवा. मोठ्या साइजमध्ये प्रिंट काढून रविवारी गावात नेऊन देणार आहे आणि सगळ्यांना घेऊन नवा ग्रुप फोटो काढणार आहे. फोंड्याहून सकाळच्या बसने निघायचं. कोण कोण येताय ते सांगा.