सीमेवर फराळ पाठवणाऱ्यांनो, जरा ऐकून घ्या

गणपती उठले की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "यंदा जवानांचा फराळ कधी?" आम्ही नाशिक रोडच्या काही सोसायट्यांमधल्या बायका, निवृत्त फौजी काका आणि खोकी उचलायला कॉलेजची पोरं. संस्था नाही, लेटरहेड नाही. पण बरीच वर्षं हे करतोय, त्यामुळे आता थोडं फटकळ बोलले तर चालून जाईल.

पहिल्यांदा डोक्यातून हे काढून टाका की जवान तिकडे उपाशी बसलेत. लष्कराचं रेशन चांगलं असतं, उंचीवरच्या चौक्यांसाठी तर वेगळं. तिथली अडचण उलटी आहे. अठरा हजार फुटांवर माणसाची भूकच मरते, समोर ताट असून घास जात नाही. अशा वेळी घरच्यासारखं काहीतरी चघळायला मिळालं तर बरं वाटतं. आपल्या खोक्याचं काम एवढंच. "आम्ही पाठवला म्हणून त्यांची दिवाळी झाली" हा सूर ऐकला की आमचे सुभेदार काका उठून बाहेर जाऊन बसतात.

हे काका तोफखान्यातले. नाशिकला तोफखान्याचं नवल नाही म्हणा, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर, फायरिंगचे आवाज ऐकतच आपण वाढलो. तर काकांनी पहिल्याच वर्षी आमचा साजूक तुपातला बेसन लाडू हातात घेतला, टेबलावर ठक्कन आपटला आणि म्हणाले, "ताई, हा वर गेला की असा वाजेल." तूप थंडीत गोठतं, लाडवाचा दगड होतो. चकलीचा प्रवासात भुगा. ओल्या नारळाच्या करंजीचं तर नावच काढू नका. टिकते ती शंकरपाळी. तीही कमी मोहनाची, कडक. सोबत कोरडा चिवडा, आणि आपल्या निफाड-पिंपळगावकडचे बेदाणे. चिवड्याची पिशवी गच्च हवा भरून सील करू नका. वर हवेचा दाब कमी, पिशवी फुग्यासारखी टम्म होते आणि फुटते. तळणीला उरलेलं तेल वापरलंत तर चिवडा पोचेपर्यंत खवट होतो, हे मी सांगायला नको, पण सांगावं लागतं.

काय काय येतं आमच्याकडे! कोपरं विरलेले स्वेटर. तारीख उलटलेल्या गोळ्या. डिओडरंट आणि पॉवर बँक, जे विमानाच्या टपालात चढूच देत नाहीत. एका ताईंनी हॉटेलातल्या साबणाच्या चिमुकल्या वड्या दिल्या होत्या, पिशवीभर. रद्दी काढल्यासारखं देऊ नका हो. स्वतःचा भाऊ हॉस्टेलला असता तर काय दिलं असतं, तेवढा विचार पुरे.

दर वर्षी कोणीतरी विचारतं, "खोक्यावर 'सीमेवरील जवान, लेह' लिहिलं तर?" नाही पोचत. फौजेच्या पत्त्यात गाव नसतंच. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ५६ एपीओ (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) किंवा पूर्वेकडे असेल तर ९९ एपीओ, आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड. कोण कुठे आहे हे टपालावरून कळू नये म्हणूनच ही सोय. मग पत्ता कुठून आणायचा? ज्यांच्या घरचं कोणी फौजेत आहे त्यांच्याकडून, किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून. आणि एवढी गुप्तता ज्या पत्त्यात आहे, त्या पत्त्याच्या लेबलचा फोटो काढून लोक फेसबुकवर टाकतात! नंबर, युनिट, सगळं वाचता येतंय आणि खाली "जय हिंद". मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत तर आम्हाला फोन यायचे, "नक्की कुठल्या पोस्टवर पाठवताय? आम्हाला स्टेटसला लिहायचंय." मी फोन ठेवून दिला. फोटो हवाच असेल तर शंकरपाळीचा टाका.

आता पत्रांबद्दल. शाळांमधून "प्रिय सैनिक दादा" ची पत्रं येतात, अख्ख्या वर्गाची एकसारखी, फळ्यावरून उतरवलेली. "आपण आमचे रक्षण करता म्हणून आम्ही सुखाने झोपतो." मुलांचा दोष नाही. पण एकदा निफाड तालुक्यातल्या एका पोराचं पत्र गठ्ठ्यात निघालं, त्यात लिहिलं होतं की आमचा कांदा चाळीतच सडला, बाबा कोणाशी बोलत नाहीत, तुमच्या गावाला काय पिकतं? त्याला उत्तर आलं. नगरकडचा जवान होता. दोन पानं, बहुतेक सगळी कांदा साठवण्यावर: चाळ वाऱ्याच्या दिशेला आडवी बांधा, थर फार उंच लावू नका, खालून हवा खेळू द्या. शेवटी "अभ्यास कर" एवढंच. गठ्ठ्यातल्या बाकीच्या पत्रांना काय उत्तर देणार तो बिचारा?

माझा खरा राग वेगळाच आहे. सीमेवर खोकं पाठवायला सोसायटी धावते, आणि दोन गल्ल्या सोडून ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे त्या घरी कोण जातं? सिन्नर, चांदवड, सटाणा, कुठल्याही गावात बघा. म्हातारे आईवडील, सून एकटी, मिलिटरी हॉस्पिटलला न्यायचं तर गाडी कोणाची, हा प्रश्न. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा. त्यातले किती दिवस सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीसाठी कचेरीच्या बाकावर जातात, ते विचारा एखाद्याला. माझ्या ओळखीतला एक जण अख्ख्या रजेत चकरा मारून परत गेला, नोंद तशीच. आपल्यापैकी कोणाचा तरी मेव्हणा अशा कचेऱ्यांत असतोच ना? मग तो लाडू राहू द्या, तेवढं काम करून द्या.

आणि ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून पाळतात. तो निधी शहीदांच्या कुटुंबांसाठी, अपंग आणि माजी सैनिकांसाठी जातो. खिशाला चिकटवायला बिल्ला मिळतो म्हणून दहा रुपये टाकणारे आपणच, आणि बॅनरवर हजारो उडवणारेही आपणच.

बॅनर यंदा नाहीये. कोणी स्पॉन्सर करतो म्हणालं तरी नाही.

पॅकिंग नवरात्रात, सुभेदार काकांच्या पार्किंगमध्ये. दिवाळीच्या तोंडावर आणलेलं घेणार नाही, वरचे रस्ते बर्फाने कधी बंद होतील सांगता येत नाही. शंकरपाळी, कोरडा चिवडा, बेदाणे, लोकरीचे नवे मोजे, आणि चिठ्ठी. चिठ्ठीत आपल्या गल्लीत काय चाललंय ते लिहा, गोदेला किती पाणी आलं, कोणाचं लग्न ठरलं, कोण कोणाशी भांडलं. स्टीलचे डबे आणू नका. ते परत येत नाहीत, आणि मग मला फोन करता.