दिवसाला चाळीस मैल का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली, राग वगैरे अजिबात नाही, उलट बरं वाटलं की कोणीतरी शेवटपर्यंत वाचून मग भांडायला आलंय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की पहिल्यांदाच बेअरबोट घेऊन, म्हणजे भाड्याची शिडाची बोट कंपनीचा स्किपर (कप्तान) न घेता स्वतः चालवत, बेटांमध्ये फिरायला जाणार असाल तर दिवसाला पंधरा-वीस सागरी मैलांच्या वर प्लॅन करू नका आणि दुपारी तीनपर्यंत नांगर टाकून मोकळे व्हा. यावर तुमचं म्हणणं, हा सगळा बागुलबुवा आहे, पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांनी, आठ तास गेलं की चाळीस मैल होतात, फोनमध्ये जीपीएस आहे, ऑस्ट्रेलियातल्या व्हिट्संडे बेटांना तर लायसन्ससुद्धा मागत नाहीत, मग एवढे पैसे भरून काय एका खाडीत बसून राहायचं? शिवाय सप्टेंबरमध्ये कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला बोटी स्वस्त मिळतात तेही मी लपवलं म्हणे. लपवलं नाही हो, त्याच्यावर शेवटी येतो.

आधी तुमचं चाळीस मैलांचं गणित. कागदावर बरोबर आहे, पण शिडाची बोट जिकडून वारा येतो तिकडे सरळ जाऊच शकत नाही ना, इथेच घोडं पेंड खातं. टॅक मारत, नागमोडी जावं लागतं. वाऱ्याला पंचेचाळीस अंशात जाता आलं तरी बारा मैलांचे सतरा होतात, आणि चार्टर (बोटी भाड्याने देणाऱ्या) कंपन्यांच्या त्या रुंद कॅटामरान (दोन सांगाड्यांच्या बोटी) वाऱ्याच्या एवढ्या जवळून जातच नाहीत, त्या बाजूलाही घसरतात, म्हणजे वीस धरा. चार तास गेले आणि नकाशावर तुम्ही फक्त बारा मैल पुढे. इंजिन लावून सरळ जाता येतं, मान्य, पण समोरून लाटा मारत असताना तीन-चार तास इंजिनाची घरघर ऐकायला कोणी शिडाच्या बोटीची सुट्टी घेत नाही.

आता तुमचा ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचा रूट बघा. रोड टाउन बंदरातून पहिल्याच दिवशी जॉस्ट व्हॅन डाइक बेट, मग पुढचं सगळं तिथल्या आसपास, आणि शेवटच्या सकाळी परत. तिथे वर्षातला बहुतेक काळ वारा पूर्वेकडून येतो आणि जॉस्ट आहे पश्चिमेला. म्हणजे जाताना मस्त पाठीवर वारा, सगळे खूश, आणि ज्या दिवशी दुपारच्या आत बोट परत करायची, डिझेल भरायला रांग असते, त्याच दिवशी तुम्ही वाऱ्याच्या तोंडावर. उलटं करा. अंगात दम आहे तोवर आधी पूर्वेच्या व्हर्जिन गोर्डा बेटाकडे, वाऱ्याच्या दिशेने वर चढा आणि मग आरामात वाऱ्याबरोबर खाली या, म्हणजे शेवटच्या सकाळी छोटंसंच अंतर उरेल असा मुक्काम निवडता येतो. कुठल्याही बेटांना जा, त्या महिन्यात वारा कुठून असतो हे आधी आणि बीच कुठला भारी हे नंतर. आणि सात दिवस म्हणता ते सात नसतातच, पहिल्या दिवशी सामान चढवणं, बोट समजून घेणं, कुठे ओरखडा आहे त्याचे फोटो काढणं यात दुपार जाते, शेवटचा दिवस परत करण्यात.

तीनचा नियम तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलाय असं दिसतं. त्याचं कारण घड्याळात नाही, उजेडात आहे. प्रवाळाच्या पाण्यात शेवटचे दोनशे मीटर डोळ्यांनी जायचं असतं. सूर्य वर आणि पाठीमागे असेल, डोळ्यावर पोलराइज्ड चष्मा असेल, तर फिकट निळसर म्हणजे वाळू, गडद निळं म्हणजे खोल, आणि तपकिरी दिसलं की तिथे प्रवाळ, लांब राहा. सूर्य खाली येऊन समोर आला की हे सगळं एका चकाकीखाली जातं. त्यातून उष्ण कटिबंधात संध्याकाळ लांबत नाही, सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. फोनमधलं जीपीएस तुम्ही कुठे आहात ते अगदी बरोबर सांगतं, खडक कुठे आहे ते नाही, ते चार्ट (समुद्राचा नकाशा) सांगतो, आणि पाण्याखालचा प्रत्येक प्रवाळाचा सुळका चार्टवर नसतो, आणि जे असतं त्यातलंही झूम आउट केलं की पुष्कळ गायब होतं. त्याच बेटांपैकी अ‍ॅनेगाडाचं घ्या, बेटाची सगळ्यात उंच जागा जेमतेम आठ-नऊ मीटर, त्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत बेट दिसतच नाही, आणि बाजूला हॉर्सशू रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, मैलोन्मैल पसरलेली. पहिल्यांदा आलेल्यांना काही कंपन्या तिथे जाऊच देत नाहीत ते उगाच नाही.

नांगराबद्दल तर मी कमीच लिहिलं होतं असं आता वाटतंय. तुम्ही म्हणता खोली पाच मीटर दिसली, खोलीच्या पाचपट म्हणजे पंचवीस मीटर नांगराची चेन सोडली, झालं. पण पाणी चढणार आहे ना? कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक फार तर गुडघाभर, व्हिट्संडेला तोच तीन मीटरच्या वर जातो. पाच अधिक तीन, अधिक पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंतचा दीड, झाले साडेनऊ, त्याची पाचपट म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस मीटर. पंचवीस सोडणारा माणूस रात्री भरतीला सरकायला लागतो. आणि चेन नुसती ढिगासारखी ओतायची नसते, बोट हळू मागे घेत जमिनीवर पसरत न्यायची, मग रिव्हर्सचा जोर वाढवून किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघायचं नांगर सरकतोय का. चेनवर अनवाणी पाय ठेवा, नांगर खडकावरून घासत असेल तर थरथर सरळ तळव्याला कळते, कुठलं अ‍ॅप लागत नाही. एकदा आमच्या शेजारी अंधार पडल्यावर एक कॅटामरान आली, वाळूची जागा सगळी भरलेली, टॉर्चच्या उजेडात पुढे एकजण ओरडतोय, मागे सुकाणूवरच्याला ऐकू येत नाहीये, टाकला कसाबसा नांगर आणि झोपले. मध्यरात्री पावसाचा झपाटा आला आणि त्यांची बोट आमच्या अंगावर, आम्ही सगळे फेंडर (बोटी आपटू नयेत म्हणून मध्ये धरायच्या गाद्या) घेऊन पळतोय आणि ते लोक अजून झोपलेले!

लायसन्सचं म्हणाल तर खरंय, व्हिट्संडेला लागत नाही. पण तिथल्या कंपन्यांच्या अटी वाचा की जरा. रात्री बोट चालवायची नाही, साधारण चारपर्यंत नांगर किंवा मूरिंगवर (तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या बोयावर) असायचं, रेडिओवर रोज हजेरी द्यायची, ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. म्हणजे मी सांगितलं तर बागुलबुवा आणि करारात छापलं की सोय, असं कसं चालेल? शिवाय तिथे किनाऱ्यालगत पांढऱ्या पिरॅमिडसारख्या खुणेच्या बोया असतात, त्यांच्या आत नांगर टाकायला मनाई, प्रवाळ मोडू नये म्हणून. बोयांवरून आठवलं, कॅरिबियनमध्ये बंदरात शिरताना लाल बोया उजवीकडे ठेवतात आणि ऑस्ट्रेलिया, थायलंड, सेशेल्सला डावीकडे. एकीकडे शिकून दुसरीकडे जाणाऱ्याने हे बोटीवर चढायच्या आधी डोक्यात उलटं करून घ्यावं.

स्किपरच्या खर्चाचं म्हणणं मात्र पटतं. आठवडाभर घ्या असं मी म्हटलंच नव्हतं, पहिला दिवस म्हटलं होतं. विंडलास (नांगराची चेन ओढायचं यंत्र) चालवताना इंजिन चालू ठेवायचं, शीड कधी आणि कसं लहान करायचं, डिंगीची (मागे बांधलेल्या छोट्या होडीची) दोरी रिव्हर्स घेताना पंख्यात कशी जाऊ द्यायची नाही, हे एका दिवसात हातात बसतं. तुमच्यापैकी दोघांना हे सगळं सवयीने येत असेल तर नका घेऊ. फक्त कंपनीने सुरुवातीला चाचणी घेतली आणि त्यांना पटलं नाही तर ते स्वतःच स्किपर लादतात, तेव्हा तेवढी तयारी ठेवा.

आणि सप्टेंबर. बोटी स्वस्त का असतात त्या महिन्यात? अटलांटिकमध्ये वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर आणि त्याचा कळस सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. 6 सप्टेंबर 2017 ला इर्मा चक्रीवादळ ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सवरूनच गेलं, चार्टरच्या बोटी खेळण्यांसारख्या एकमेकींवर चढल्या होत्या. दरवर्षी असं होत नाही हे मलाही कळतं, पण वादळ आलं तर पैसे परत की पुढची तारीख, विमा काय धरतो, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या. सुट्टी सप्टेंबरलाच मिळत असेल तर माझ्या मते सरळ व्हिट्संडे बघा, तोवर तिथला हिवाळ्यातला जोराचा वारा बराच उतरलेला असतो. नवा रूट केलात की इथेच टाका, फक्त प्रत्येक टप्प्यापुढे वाऱ्याची दिशा आणि पोचायची वेळ लिहा, मग बोलू.