भाकरी नव्हे, दार

सुटे पैसे हातात पडले की चांगला माणूस ते मोजतो आणि खिशात टाकतो. आमची नाणी जमवणाऱ्यांची जमात एकेक नाणं दोन बोटांत धरून गल्ल्यासमोरच फिरवत बसते. मागं रांग वाढते आणि दुकानदार विचारतो, “काय बघायलाव हो? खोटं हाय का?” खोटं नाही, वाकडं आहे का ते बघतोय, असं खरं सांगायची सोय नसते. सांगितलं तर पुढच्या खेपेला तोच गल्ला पालथा घालून बसेल आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं येईल.

वाकडं म्हणजे नाणं नव्हे. त्याच्या दोन बाजूंचं आपसात बिनसलेलं असतं. टांकसाळीत वरचा ठसा आणि खालचा ठसा एका रेषेत बसवलेले असतात आणि मधल्या चकतीवर दोन्हीकडून एकदम दाब पडतो. मिनिटाला शेकडो ठोके खाऊन ठसा धरून ठेवणारा स्क्रू ढिला झाला, की ठसा जागच्या जागी हळूहळू फिरतो आणि नाण्याची एक बाजू दुसरीच्या मानानं तिरकी पडते. म्हणून एकाच ठशाची नाणी 20, 35, 60 अशा चढत्या अंशांची सापडू शकतात. बसवतानाच ठसा चुकला असेल तर मात्र सगळा घाणा एकाच कोनाचा निघतो. याला आम्ही ‘डाय रोटेशन’ म्हणतो आणि घरचे ‘नसता उद्योग’ म्हणतात.

तपासणी सोपी आहे आणि तिथंच सगळे आपटतात. सिंह सरळ उभे दिसतील असं नाणं धरा. बोटं वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या बाराला आणि सहाला. आता दार उघडावं तसं ते आडवं फिरवा. मागचा आकडा सरळ आला तर नाणं निर्दोष. बऱ्याच जणांना सवय असते तव्यावरच्या भाकरीची. खालची कड वर घेऊन उलटली, की देशातलं प्रत्येक चांगलं नाणं 180 अंशांनी चुकलेलं दिसतं. मग फोटो निघतात, किंमत लाखात जाते आणि नातेवाइकांना पेढे. अमेरिकेतल्या पाहुण्यानं दिलेल्या नाण्याचं उलटं असतं. तिकडची पद्धतच भाकरीची, ते दारासारखं फिरवलं तर मागची बाजू डोक्यावर उभी दिसणारच. त्यात चूक टांकसाळीची नाही, मनगटाची आहे.

कोन मोजायला लेकराच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. घाईत असाल तर घड्याळ आठवा. नाणं फिरवल्यावर आकड्याचं डोकं तीनकडं असेल तर 90 अंश, चारकडं असेल तर 120, म्हणजे तासाला 30. पंधरा अंशांच्या आतलं आम्ही सोडून देतो, कारण एवढी ढील कुणी दोषात धरत नाही. कोनासोबत साल आणि टांकसाळीची खूणही वहीत लिहा. सालाखाली चांदणी असेल तर हैदराबाद, चौकट मुंबई, टिंब नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. निजामाच्या काळापासूनची टांकसाळ म्हणून आमचा जीव जरा चांदणीवर जास्त.

विकत घेताना दोन बाजूंचे दोन वेगळे फोटो कुणी पाठवले तर ते बघूच नका. वेगळ्या फोटोत कुठलंही नाणं हव्या त्या कोनात झोपवता येतं. नाणं आरशासमोर उभं धरून एकाच फोटोत दोन्ही बाजू मागा. आरशात अक्षरं उलटी दिसतात, पण वरचं वरच राहतं. डावं-उजवं मात्र बदलतं, त्यामुळं तीनचा काटा नऊवर दिसेल.

दहा रुपयांच्या नाण्यात आणखी एक लबाडी असते. आतली चकती ठोकून काढायची आणि फिरवून परत बसवायची. पण कडं आणि चकती यांच्यावर छाप एकाच ठोक्यात पडतो. खऱ्या नगात प्रत्येक बाजू आपल्यापुरती नीट जुळलेली असते, बिनसलेलं असतं ते दोन बाजूंचंच. कडं एकीकडं आणि आकडा भलतीकडं असेल तर तो हातोडीचा प्रताप समजा.

आणि शिवराईत, म्हणजे मराठेशाहीतल्या हातानं ठोकलेल्या तांब्याच्या नाण्यात, हा दोष शोधू नये, हात जोडून विनंती. खालचा ठसा ऐरणीत, वरचा हातात, वरून घण. कोन कुठलाही यायचा. तिथं सरळ निघालेलं नाणं हाच योगायोग.

जुनी नाणी लाखात विकून देतो, आधी कमिशन भरा, असे निरोप येतात. रिझर्व्ह बँकेच्या नावानं चाललेल्या या फसवणुकीबद्दल बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच लोकांना सावध केलं होतं. आम्हाला मात्र छळतं ते दहाचं नाणं. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले 14 नमुने सगळेच चालतात, असं बँकेनं 17 जानेवारी 2018 ला सांगितलं. पण आपल्याकडच्या बाजारात ते घ्यायला पुष्कळ जण अजून तयार नसतात, द्यायला मात्र सगळे तयार. आम्ही ते तपासायच्या मोहानं हसत घेतो, दारासारखं फिरवतो, आकडा सरळ निघतो आणि नाणं गळ्यात पडतं. म्हणून या छंदातल्या प्रत्येकाच्या फडताळात लोणच्याची एक रिकामी बरणी दहाच्या नाण्यांनी भरत आलेली असते, सगळी अगदी सरळ.